आचारी भाऊजींचं उलथणं

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, आचारी भाऊजींच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतं ते मला कळतं, आणि काय धुमसतं तेही कळतं. मुद्दाम डोकावण्याची मला सवय नाही. पण समोर आलेलं बघायचंच नाही, इतकी मी निष्ठुरही नाही.

भाऊजी एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी आहेत. माणूस ठेंगणा, पोट गोल, हात मात्र लांब; पातेल्याचा तळ गाठायलाच बेतून दिल्यासारखे. त्यांच्या पातेल्यात आजवर काहीही तळाला लागलेलं नाही, ही त्यांची आयुष्याची कमाई. चर्र असा आवाज आला रे आला की ओत पाणी, आणि फिरव उलथणं. गप्पा मारतानासुद्धा त्यांचा उजवा हात हवेत ढवळत असतो. कँटीनला ते बरोबरच आहे, पण घरीसुद्धा तोच खाक्या. फ्लॉवर असो, गाजर असो, फरसबी असो, ताटात येईपर्यंत सगळ्यांचा रंग एक आणि बाणाही एक: शरणागतीचा.

वहिनींनी कधी तक्रार केली नाही. त्यांचं खाली कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. एकदा त्यांची कात्री शिलाई मशीनच्या मागे पडली. मशीन जुनं, लोखंडी. वहिनींनी जोर लावला, ते जागचं हललं नाही. शेवटी समोरच्या दुकानातल्या माणसाला बोलवावं लागलं. वहिनींच्या मनाला ते फार लागलं. "जन्मभर ज्याच्यावर पाय मारले, ते माझ्यानं एक वीतही सरकेना," म्हणाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात व्यायामशाळेत जाऊन वजनं उचलायला लागल्या.

तिथल्या मास्तरीणबाईंनी सांगितलं, अंडी खा, मासे खा, डाळी खा, पण अर्धं ताट भाजीचं पाहिजे. नाहीतर नुसत्या अंड्यांनी पोट संपावर जाईल.

"अहो, मला आता भाजी जास्त वाढत जा," वहिनी घरी येऊन म्हणाल्या.

भाऊजी खूश! इतक्या वर्षांत बायकोनं पहिल्यांदा भाजी मागून घेतली. त्यांनी अर्धं ताट भरलं. वहिनींनी चार घास कसेबसे गिळले आणि खिडकीतून माझ्याकडे असं काही बघितलं, की मला माझीच भाजी लपवावीशी वाटली. हे असं थोडे दिवस चाललं. मग एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "माझं झालंय जेवण. तिकडेच खाल्लं."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"व्यायामशाळेत. कुलूपवाल्यानं डबा आणला होता."

झालं! कुलूपवाला म्हणजे किल्ल्या बनवणारा, बाजारातल्या जिन्याखाली बसतो तो. विधुर आहे, दंड चांगले कमावलेले, आणि मुख्य म्हणजे स्वतःचं स्वतः रांधतो. वहिनींच्या शेजारच्याच बाकावर वजनं मारतो. तो सहज एक फोड खाऊन बघा म्हणाला, आणि वहिनींनी डबा संपवला. तेव्हापासून तो रोज त्यांच्यासाठी वेगळा डबा आणू लागला.

दुसऱ्या कुणाचा नवरा असता, तर त्यानं कुलूपवाल्याच्या दंडांची धास्ती घेतली असती. आमच्या भाऊजींना दंडांचं काही नाही. त्यांना झोंबला तो फ्लॉवर.

"ताई," मला खिडकीतून हळूच विचारायचे, "काय घालत असेल हो तो?"

"मला काय माहीत? प्रेमानं करत असेल," मी म्हटलं. एवढी संधी कोण सोडतं?

भाऊजींनी खिडकी लावून घेतली. तेवढ्यात त्यांच्या दाराचं कुलूप अडकायला लागलं. वहिनी म्हणाल्या, बोलवू का त्याला? पाच मिनिटांचं काम आहे. "त्याचा हात माझ्या दाराला लागता कामा नये!" भाऊजी गरजले. त्यानंतर दार अडलं की माझ्या गॅलरीतून त्यांच्या गॅलरीत उतरायचे. पोट कठड्यावर, पाय हवेत. "भाऊजी, आता तुम्हीच व्यायामशाळेत जा," मी म्हणायची. माणूस आतल्या आत जळत होता. हाताला चव आहे असं जन्मभर लोकांनी म्हणायचं, आणि घरच्या एकुलत्या एक गिऱ्हाइकानं दुसऱ्याच्या डब्यावर जगायचं? वहिनी घरी नुसती अंडी सोलून खायच्या आणि उठायच्या. भाऊजी समोर भाजीचं पातेलं घेऊन बसलेले. मी मस्करी करत होते खरी, पण ते पातेलं बघवत नसे.

एका सुट्टीच्या दिवशी वहिनी डबा घरी घेऊन आल्या आणि अंघोळीला गेल्या. भाऊजींनी इकडे तिकडे पाहिलं, डबा उघडला. मग माझी खिडकी ठोठावली. चेहरा असा उजळलेला, की जणू चोर पकडला.

"ताई, बघा! करपलंय!"

खरंच, फ्लॉवरच्या तुऱ्यांच्या कडा काळपट तांबूस झाल्या होत्या. गाजरालाही डाग पडलेले.

"बघा हा तुकडा," म्हणून त्यांनी तो तोंडात टाकला. "करपलेला. साफ करपलेला. आणि हा बघा." तोही टाकला. "ह्याला तर लाज नाही. लिंबू पिळलंय वरून, लपवायला. भाजलेले तीळ टाकलेत." तिसरा. चौथा. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला, चावणं मात्र वाढत गेलं. शेवटी डब्याच्या कोपऱ्यातला डाग बोटानं खरवडून त्यांनी तोही चाटला, आणि तिथेच थांबले.

"खरवड," ते म्हणाले.

"काय?"

"आमच्या कँटीनला माझी सुट्टी असली की पातेल्याच्या तळाला खरवड लागते. ती हाताखालची पोरं उभ्या उभ्या खातात. भांडतात तिच्यासाठी. मी दुसऱ्या दिवशी त्यांना शिव्या घालतो."

मागून वहिनींचा आवाज आला, "अहो, माझा डबा कुठाय?"

भाऊजींनी रिकामा डबा माझ्या खिडकीत सरकवला. मी असल्या भानगडीत पडत नाही, म्हणून तो परत सरकवला. पुढचं मी ऐकलं नाही, कारण वहिनी काही बोलल्याच नाहीत. नुसतं हसल्या. भाऊजींना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं असावं.

त्यानंतर भाऊजींच्या घरून रोज चरचर ऐकू येऊ लागली. लोखंडी तवा आणला, फ्लॉवर धुऊन पुसून कोरडा केला. पण हात मोठ्या पातेल्याचा! तव्यावर डोंगर रचायचे, त्याची वाफ व्हायची, आणि भाजी पुन्हा शरण. डोंगर कमी केला, तर हात थांबेना. जरा चर्र झालं की उलथणं आलंच, आणि पाठोपाठ पाणी.

अखेर एका संध्याकाळी खिडकीतून उलथणं आत आलं.

"ताई, हे ठेवा तुमच्याकडे. मी मागितलं तरी देऊ नका."

"नाही देणार."

त्यांनी एकेक तुरा सुटा सुटा मांडला. तेल सोडलं. चर्र झालं.

"ताई, द्या."

"नाही."

"अहो, लागतंय!"

"लागू दे."

"ताई, मी तुमच्या पाया पडतो, एकदाच फिरवतो!" माणसाचे दोन्ही हात हवेतच ढवळत होते. शेवटी त्यांनी ते पाठीमागे बांधले, डोळे मिटले, आणि वास खमंग झाल्यावरच चिमट्यानं एकेक तुरा उलटला. वर मीठ, लिंबू, तीळ.

वहिनी व्यायामशाळेतून आल्या. ताट पुढ्यात आलं. एक तुरा खाल्ला, मग अर्धं ताट संपवलं, आणि ताट पुढे केलं. भाऊजींनी पुन्हा वाढलं. मला खिडकीतून त्यांची पाठच दिसत होती, पण पाठही हसते हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेत भाऊजींचा डबा गेला. मुद्दाम छोटा, एकाच माणसापुरता. वहिनी परतल्या तेव्हा ते अडकणाऱ्या दारातच उभे होते.

"त्याला दिलीस?"

"एक तुरा दिला. माणुसकी म्हणून."

"मग? काय म्हणाला?"

"चांगलं झालंय म्हणाला." वहिनी पिशवी ठेवता ठेवता थांबल्या. "फक्त अजून थोडं लागू द्यायला हवं होतं म्हणाला."

भाऊजी आत गेले, गॅस मोठा केला. आणि माझी खिडकी वाजली.

"ताई, हा चिमटापण ठेवा."