पूजा नावाची चौकशी

हे बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या समोर नाही. समोर कुणी असलं की मी काय करतो, ते पुढे कळेलच.

मी मुळातच संशयी माणूस. भाजीवाली हसली तरी माझी नजर तिच्या तराजूवर. त्यामुळे माझ्या बहिणीला, वंदनाला, पुलगावचा मुलगा पाहून गेला तेव्हा मला त्याच्या बायोडाट्यात एकच गोष्ट दिसली – ईमेल! त्या काळी आमच्या सेलूत ईमेल कुणाला असायचा हो? ह्याला कशाला हवा?

मुलगा तासभर बसला, पण मान वर नाही. विचारलं तेवढंच बोलला. जाताना मात्र स्वतःची पोह्यांची बशी उचलून आत ठेवून आला. वंदनाला तेवढंच पुरलं. दोन दिवस पोरगी गुणगुणत होती.

बाबा म्हणाले, "पुलगावले जाऊन चौकशी करून येजो." आमच्याकडे ते काम भावाचंच. पानठेल्यावर उभं राहायचं, न्हाव्याकडे बसायचं, पोरगं पितं का, कसं वागतं, ते काढून आणायचं.

मी गेलो नाही. म्हटलं, पानठेल्यावर लोक आपल्या गावच्या पोराचं चांगलंच सांगणार. मी गेलो वर्ध्याच्या सायबर कॅफेत. पूजा नावाचा आयडी काढला, आणि – लाज वाटते, पण काढला – बायोडाट्यातल्या ईमेलवरून त्या मुलाशी मुलगी होऊन बोलायला लागलो.

सुरुवातीला तो जपूनच बोलला. चारपाच दिवसांनी मोकळा झाला. काय लिहिलं असेल त्यानं? "सेलूला एक मुलगी पाहिली. मला फार आवडली. पण सगळ्यांसमोर माझ्या तोंडून शब्दच निघत नाही. तुम्ही मुलगी आहात, सांगा ना, तिला हे कसं कळवू?"

इथं कुठल्याही भावानं उठून घरी पेढे न्यावेत की नाही? मला वाटलं – बघा, आमच्यासमोर मुका आणि इथं अनोळखी पोरीपाशी पोपट! मी गळ टाकला. म्हटलं, भेटू या का आपण? त्याचं उत्तर आलं, "नको. ते बरोबर दिसणार नाही. माफ करा." आणि बोलणं बंद.

म्हणजे पोरगा सोन्यासारखा निघाला. आणि मी?

घरी आलो. बाबा दारातच बसले होते. सगळं खरं सांगितलं तर पूजा कोण, तेही सांगावं लागणार. मुलगी बनून बसलेला भाऊ! बाबांनी काय केलं असतं माझं? पण नुसतं "चांगला आहे" म्हणायला काय हरकत होती? कुणी विचारणार नव्हतं. तरी तेवढंही म्हणालो नाही. मी इतके दिवस शोधूनही काही सापडलं नाही, हेच मला सोसलं नाही. बाबांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "पोरगं बराबर नाई. पोरींसंग बोलत राह्यते."

वंदनानं आतून विचारलं, "दादा, तू सोता गेलता?"

"हो. पानठेल्यावर इचारलं."

बाबांनी नकार कळवला. महिन्याभरानं उगाच तो आयडी उघडला तर त्याचा निरोप पडलेला होता. "सेलूहून नकार आला. कारण सांगत नाहीत. माझं काय चुकलं असेल, तुम्हाला काही सांगता येईल?"

मला सांगता येत होतं. मी मशीन बंद केलं.

आता जो तो म्हणतो, नेटवर सगळं खोटं, माणूस समोरासमोरच कळतो. मीही मान डोलावतो. पण तिथं खोट्या नावानं मी त्याचं खरं ऐकलं, आणि घरी माझ्या खऱ्या तोंडानं खोटं बोललो. मग खोटी जागा कोणती?

वंदना पुढे जाम गावी दिली. चौघांत फर्डं बोलणारा नवरा पाहिला तिच्यासाठी. घरी तो तिच्याशी आठ आठ दिवस बोलत नाही.

दर भाऊबीजेला ती येते. मला ओवाळताना हसून म्हणते, "दादा, तू होता म्हणून मी त्या पुलगाववाल्यापासून वाचली."

मी कपाळ पुढे करतो.