कोथरूडचे शनिवार, इंटरव्ह्यूचे

मुलींच्या बालगृहात किस्से शोधावे लागत नाहीत. चप्पल काढेपर्यंत एखादा समोर येऊन उभा राहतो. बँकेतून रिटायर झाल्यापासून मी दर शनिवारी कोथरूडच्या अशाच एका बालगृहात जाते. घर नसलेल्या, किंवा घरी राहणं धोक्याचं असलेल्या मुली इथे असतात. अठरा पूर्ण झाली की बाहेर पडून पोटापाण्याचं बघायचं. त्यासाठी मी इंटरव्ह्यूची तयारी करून घेते.

पहिल्याच दिवशी थोरल्या सनाला विचारलं, "तुझा चांगला गुण कोणता?"

"भांडण मिटवता येतं."

"आणि वीकनेस?"

"सुरूही मीच करते."

*

मग फोनवर बोलायचा सराव झाला. दहावीतल्या पूजाच्या तो चांगलाच अंगात भिनला. अधीक्षिका माधवीताईंच्या मिस्टरांचा फोन तिनेच उचलला. "गॅस संपलाय म्हणून सांग तिला," ते म्हणाले.

"आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. तक्रार नोंदवली आहे," म्हणत पूजाने फोन ठेवला.

माधवीताईंना हे घरी गेल्यावर कळलं. तोवर मिस्टर बाहेर मिसळ खाऊन आले होते.

*

सना अठराची झाली. सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनची जागा होती. मी सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

या प्रश्नाची तयारी आम्ही केलीच नव्हती.

"सत्तावीस बहिणी," सना म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे लग्नाच्या रजा बऱ्याच लागणार."

"नाही सर. सगळ्या आधी नोकरी करणार आहेत."

"सोमवारी या."

*

पहिल्याच आठवड्यात एक आजोबा तिच्यावर उखडले. "कधीचा बसलोय. इथे डोळे तपासतात की संयम?"

"संयम तपासून झाला, काका. आता डोळे. आत या."

हे ऐकून माधवीताई म्हणाल्या, "झाली ही पुणेकर."

*

सना आता मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. परवा पूजाच्या शाळेत पालकसभा होती आणि माधवीताईंना नेमकी मीटिंग. सना हाफ डे घेऊन गेली.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"पालक."

"गणित फार कच्चं आहे हिचं. घरी कुणी लक्ष देतं का?"

सना स्वतः दहावीच्या गणितात दोनदा आपटलेली, तिसऱ्यांदा काठावर सुटलेली. "आजपासून देते," ती म्हणाली.

संध्याकाळी बालगृहात गणिताची शिकवणी चालू होती. सना आली आणि पूजाला खेटून बसली.

"तू कशाला?" माधवीताईंनी विचारलं. "तुझं सुटलं ना गणित?"

"पालक आहे मी, ताई," सना म्हणाली आणि पुस्तक दोघींच्या मध्ये ओढलं.