बेसमामांचा खालचा सूर

बेसमामांनी जन्मात कधी गाण्याची चाल गायली नाही. ते नेहमी चालीच्या खालचं गायचे. चौघांच्या चौकडीत सर्वांत खालचा आवाज, इंग्रजीत ज्याला बेस म्हणतात, तो त्यांचा, म्हणून ते बेसमामा, आणि तो आवाज एकटा ऐकला तर कुणीतरी रिकाम्या पिंपात तोंड घालून तक्रार करतंय असं वाटे. न्हाणीघरात, देवपूजेत, बसची वाट बघताना तो चालूच असे. गाणं कुठलं हे ओळखण्याचा नाद मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधल्या आमच्या गल्लीनं केव्हाच सोडला होता.

मी कॉलेजसाठी तंजावरहून त्यांच्याकडे राहायला आले, ती साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. मामा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. घराणं तंजावरचं मराठी, मामी कर्नाटक संगीत रीतसर शिकलेली, आणि या गृहस्थांना वेड कशाचं, तर चौघांनी चार वेगळ्या सुरांत एकत्र गाणाऱ्या अमेरिकन चौकड्यांच्या जुन्या रेकॉर्डांचं. मूर मार्केटच्या जुन्या बाजारातून उचललेल्या त्या रेकॉर्डा तेव्हाही जुन्याच होत्या. त्यांतले गायक चंद्र, नदी आणि कुणा एका मेरीबद्दल इतक्या गोडीनं गात की मला दात किडायची भीती वाटे. मामांना मात्र दुसरं काही चालत नसे. नव्या गाण्यांचा विषय निघाला की ते म्हणत, "आतां सगळे एकटेच ओरडतात. दुसऱ्याचें ऐकायला कोणाला होतें?"

मामांची स्वतःची चौकडी दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आमच्या पुढच्या खोलीत जमे. ऑफिसातले दोघे अँग्लो-इंडियन भाऊ, सॅम्युअल नावाचा टायपिस्ट आणि मामा. धाकटा भाऊ डेरिक, तो चाल गायचा. चौघेही गळ्याला बो बांधत. मामांचा बो कोटावर असे आणि कोटाखाली लुंगीसारखी नेसलेली पांढरी स्वच्छ वेष्टी, त्यामुळे ते कमरेपर्यंत अमेरिकेत आणि कमरेखाली कुंभकोणमला असल्यासारखे दिसत. मामी चौघांना काफी देई आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेई. "चौघे चार सूर लावतात, एकही दुसऱ्यासारखा नाहीं," ती मला सांगे. "हें कसाला गाणें म्हणायचें?"

मैलापूरला एका नातेवाइकांच्या लग्नात मामांनी हट्टानं ही चौकडी गायला बसवली. पहिल्या रांगेत गाण्याच्या सभेला नेमानं जाणारे एक म्हातारे काका होते. पहिली ओळ संपते न संपते तोच त्यांनी हात वर केला आणि अगदी सौजन्यानं सुचवलं की, आधी कुठला स्वर लावायचा ते चौघांनी ठरवून घ्यावं, आम्हांला घाई नाही. मंडपभर हशा झाला. सर्वांत मोठ्यानं मी हसले. मामा रागावले नाहीत. त्यांनी काकांना समजावलं, "चौघांचेंही बरोबर आहे. एकत्र ऐकून बघा." काकांनी एकत्र ऐकून बघितलं आणि उठून जेवायला गेले.

मग चौकडीला गळती लागली. थोरला भाऊ बायकामुलांसह ऑस्ट्रेलियाला गेला. वर्षभरात सॅम्युअलची बदली कोइमतूरला झाली. दुसरे गायक शोधा, असं मामांना सगळ्यांनी सांगितलं, पण त्यांना ते दोघंच हवे होते. दोन वर्षं डेरिक आणि मामा दोघंच गात राहिले, मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवून. मी त्याला अर्धी चौकडी म्हणे आणि स्वतःच्या विनोदावर खूश होई.

शेवटी डेरिकचंही ऑस्ट्रेलियाच्या बोटीचं तिकीट आलं. बोट गाठायला तो गाडीनं निघाला तेव्हा त्याला निरोप द्यायला मी मामांबरोबर सेंट्रल स्टेशनवर गेले. गाडी सुटायच्या आधी तो खिडकीतून आणि मामा फलाटावरून गाऊ लागले. लोक वळून बघू लागले तेव्हा मी हळूच चार पावलं बाजूला सरकले, यांच्याबरोबरची नाही असं दाखवायला. ते चार पावलांचं अंतर मला अजून टोचतं. गाडी हलली, चाल तिच्याबरोबर निघून गेली आणि मामा फलाटावर उभे राहून आपला खालचा सूर गात राहिले. गाणं पुरं झालं तेव्हा शेवटचा डबाही दिसेनासा झाला होता. येताना बसमध्ये ते गुणगुणलेसुद्धा नाहीत.

पुढच्या गुरुवारी सहाला त्यांनी चारही खुर्च्या मांडल्या, बो बांधला आणि एकट्यानंच सुरुवात केली. मी पुस्तकात तोंड खुपसलं. मला हसू येत नव्हतं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पहिलं कडवं संपलं तशी स्वयंपाकघराची कडी निघाली. मामी पदराला हात पुसत आली, डेरिकच्या खुर्चीत बसली आणि चाल गाऊ लागली. बंद दाराआड इतकी वर्षं नावं ठेवता ठेवता तिला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ झाली होती. फक्त प्रत्येक स्वर ती आपल्या कर्नाटक पद्धतीनं असा झुलवत होती की ती मेरी थेट मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळात जाऊन उभी राहिली.

दुसरा कुणी असता तर गहिवरला असता. मामांनी हात वर करून तिला थांबवलं.

"स्वर हलवूं नको. सरळ ठेव. तूं हलत राहिलीस तर मीं खालीं कुठें उभा राहूं?"

आता मामी उठून जाणार आणि आज रात्रीचं जेवण बुडणार, अशी माझी खात्री झाली. पण ती बसून राहिली.

"लहानपणापासून हलवायलाच शिकलें," ती म्हणाली. "सरळ व्हायला वेळ लागेल. तुम्ही मध्येंच सोडून जाऊं नका, म्हणजे झालें."

मामांनी बो सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा खालचा सूर लावला.