मास्तरांनी शिवलेली गाडी

बारा ऑगस्ट. आजचं काम: शेजारच्या टेलरमास्तरांच्या गाडीवर पाइपने पाणी मारणं. माझी पिठाची गिरणी तासभर बंद ठेवून मी अंगणात उभी होते. मास्तर काचा लावून आत बसले होते. एक थेंब जरी गळला तरी डाग दिसावा म्हणून त्यांनी कडक इस्त्रीचा आसमानी कुर्ता घातला होता.

या जगात दुरुस्त न होणारी एकच वस्तू मास्तरांना मान्य आहे, ती म्हणजे फाटलेला रेडिमेड शर्ट. बाकी सगळं सुई-दोऱ्याच्या टप्प्यात येतं. चाळीस वर्षं त्यांनी अमडापूरचे कपडे शिवले. मग दुकान आवरलं, मशीन घरी आणली आणि एक जुनी एसयूव्ही विकत घेतली. कारण साधं होतं. भाभींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्यांमुळे एसटी सुटली आणि दोन वर्षं जानेफळचं माहेरही सुटलं. उंच गाडीत खड्डे कमी लागतात, म्हणून मास्तरांनी मुद्दाम उंच गाडी निवडली. ती दारात आली त्या दिवशी भाभींनी ओट्यावरूनच तिला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "छत लोंबून राह्यलं हिचं. मी नाही बसत." तेव्हापासून गेले अकरा महिने भाभी खोट काढतात आणि मास्तर ती शिवतात.

छताचं कापड खरंच मच्छरदाणीसारखं डोक्यावर आलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, नवं बसवा. मास्तरांचा अपमान झाला. "कापडाच्या कामाले मी गॅरेजात जाऊ? अन् थो शेरवानी शिवाले माह्याकडे येते!" त्यांनी सीटवर उताणं पडून वाकडी सुई घेतली, गादीला घालतात तसे टाके घातले आणि प्रत्येक टाक्यावर एक बटण लावलं. बटणं चाळीस वर्षांची, डब्यात उरलेली. आता गाडीत बसून वर पाहिलं की शाळेच्या गणवेशापासून सफारी सुटापर्यंत सगळं गाव दिसतं. मग भाभींना आतली खडखड ऐकू आली. मास्तरांनी डॅशबोर्डमागे ब्लाउजचे शोल्डर पॅड कोंबले. खडखड थांबली, सोबत एसीची हवाही थांबली. "ट्रायलले जरा टाइट होतेच, ताई," असं मला सांगून त्यांनी दोन पॅड परत उपसले.

समोरच्या कप्प्याचं झाकण पडायचं, त्याला त्यांनी चोळीचे हूक लावले. चिखलीच्या रस्त्यावर पोलिसाने कागद मागितले तेव्हा मास्तरांच्या जाड बोटांना घाईत हूक काही निघेनात. शेवटी पोलिसानेच नखाने काढले, कागद पाहिले आणि एकेक हूक परत लावूनही दिला. फुटलेल्या बंपरला तर तारेची अशी तुरपाई आहे की लोक गाडी थांबवून पाहतात. सीटचं नवं कव्हर मात्र मला ढगळ वाटलं.

"हे असं ढगळ काऊन हो, मास्तर?"

"मार्जिन सोडली. उद्या फुगली त उसवता येते."

"सीट कायची फुगते?"

"तुमच्या भावाची कंबर पाह्यली का?"

भावाची पँट त्यांनी तीनदा उसवली आहे.

शेवटची खोट या पावसाळ्यातली. पायाखालचं मॅट ओलं दिसलं आणि भाभींना जोर चढला. "आतून पाऊस पडते, अशा गाडीतून मी भाचीच्या मंगनीले जाऊ? भिजल्या बिल्लीवानी?" मंगनी, म्हणजे साखरपुडा, उद्या तेरा तारखेला जानेफळला. भाभींच्या भावाचा रोज फोन. भाभी आता आल्या नाहीत तर मग कधीच यायच्या नाहीत, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही.

मास्तरांनी शिंप्याचा खडू काढला. दाराच्या रबरावर सगळीकडून घासला, दार लावलं, उघडलं. चौकटीवर खडूची रेघ उमटली होती, फक्त वरच्या कोपऱ्यात वीतभर उमटली नव्हती. तिथे रबर बसत नव्हतं, पाणी तिथूनच यायचं. रबर आतून पोकळ. मास्तरांनी सेफ्टी पिनेला नाडी बांधली आणि सलवारीत ओवतात तशी रबरात ओवली. रबर फुगलं, दार घट्ट बसलं.

"मारा, ताई! ढगफुटी करा!" ते आतून ओरडले.

मी टाकी निम्मी केली. मास्तर उतरले, दोन्ही हात पसरून गोल फिरले. कुर्त्यावर एक डाग नव्हता. पासष्ट वर्षांचा माणूस चिखलात नाचतो म्हणजे काय, ते गल्लीने पाहिलं.

भाभी ओट्यावरून खाली आल्या. बटणं पाहिली, मॅटवर हात फिरवला. मग दाराची कड धरली आणि एक पाऊल उचललं. ते वीतभर वर गेलं, थांबलं, खाली आलं. भाभींनी पदर सावरला. "वास येते डिझेलचा," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मास्तर तत्काळ अत्तराची कुपी शोधायला पळाले.

मी पाइप गुंडाळत होते, माझे हात थांबले. मास्तरांनी त्या गाडीचा इंच न् इंच मापला होता, पण भाभींचं पाऊल किती वर उचलतं ते माप घ्यायचं राहिलं होतं. मास्तरांना सांगितलं असतं तर ते गाडीच्या पायरीला झालर लावत बसले असते. भाभींना विचारलं असतं तर त्यांनी माहेरचं नावही परत घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीतलं लाकडी स्टूल उचललं, ज्यावर चढून धान्य ओतते ते, आणि गाडीच्या दाराशी ठेवलं. भाभी जांभळी साडी नेसून दारात उभ्या होत्या, तोंडाने मात्र "मी घरीच बरी" चाललं होतं.

"अत्तर पाहू द्या मले," म्हणत मी स्टुलावर पाय दिला. "आई गं! गुडघे धरले हो, भाभी. स्टुलाबिगर चढणं होत नाही."

आत बसले, वास घेतला, तशीच उतरले. स्टूल तिथेच ठेवलं.

भाभींनी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझं बी?"

"हाव."

"कवापासून?"

"झाले सहा महिने."

"डाक्टरले दाखव. अशी अंगावर काढू नोको," म्हणत त्यांनी माझा खांदा धरला, एक पाय स्टुलावर दिला, दुसरा गाडीत. बसल्या. मग मास्तरांवर ओरडल्या, "उभे काऊन राह्यले? माह्या भावाच्या दारी उशिरा नेता का?"

मी स्टूल त्यांच्या पायाशी आत सरकवलं. तिकडे उतरायचंही होतं. गाडी खडखड न करता गल्लीच्या टोकाला वळली.

गिरणी सुरू केली. पहिला डबा टाचा उंचावून ओतला, दुसराही. तिसऱ्याला उजव्या गुडघ्यातून बारीक कळ आली. मी जरा थांबले. पुढच्या बाईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, गिरणीचा पट्टा पाहत होते."