आरशाच्या बाई

सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आरशाच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारीशेजारी होत्या, एक मोठी आणि एक बुटकी, आणि त्यांवर बसलेले दोन चेहरे एकाच आरशात दिसत होते. मोठ्या खुर्चीवरच्या बाई "पाणी" म्हणाल्या. बुटक्या खुर्चीवरच्या भिंगरीने त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहिलं, त्यांच्या गळ्याला तळहात लावून आवाजाचा कंप धरला आणि मग आरशात स्वतःकडे बघत "पाणी" म्हटलं. शब्द बरा आला. पण म्हणताना तिचा खालचा ओठ उजवीकडे खाली गेला आणि डावीकडे जागचा हलला नाही.

बाईंनी आरशातून नजर काढून घेतली आणि पुढचं चित्र उचललं.

ही ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. बोलणं इथे डोळ्यांनी आणि हातांनी शिकायचं असतं. बाई बोलतात, मूल त्यांचे ओठ, जीभ, गाल बघतं आणि आरशात बघून स्वतःच्या तोंडाचं तसंच करतं. गेली पाच वर्षं हे काम बाईंकडे होतं. त्यांच्याबद्दल एकमेकांना सांगताना मुलं चेहऱ्यासमोर तळहात धरायची, आरसा धरल्यासारखा. मग मोठी माणसंही त्यांना 'आरशाच्या बाई' म्हणू लागली.

भिंगरी सहा वर्षांची. कानाला मशीन होतं, पण त्यातून दार आपटल्याचं आणि ट्रकच्या हॉर्नचं तेवढं कळायचं. बाकी सगळं ती डोळ्यांनी गोळा करायची. एरवी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव. आरशापुढे मात्र खिळून बसायची आणि जे दिसेल ते नेमकं उचलायची. मागच्या थंडीत बाईंना सर्दी झाली होती आणि शब्दागणिक त्या नाक ओढत होत्या, तर पुढे कितीतरी दिवस भिंगरी प्रत्येक शब्दानंतर नाक ओढत राहिली. "एका फीमध्ये दोन गोष्टी शिकवल्या तुम्ही," असं तिचे बाबा तेव्हा म्हणाले होते. सगळे हसले होते, बाईही.

या नोकरीत एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. दिवसभर आपला चेहरा सहा-सात वर्षांच्या पोरांच्या चेहऱ्याला खेटून बघावा लागतो. पहिली चार वर्षं बाईंना त्याचं काही वाटलं नाही. चेहरा म्हणजे कामाचं अवजार होतं, आणि सुतार आपला रंधा देखणा आहे की नाही हे बघत बसत नाही. मग टायफॉइड झाला. वजन उतरलं, गाल बसले, ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीकडे जाणाऱ्या दोन रेषा दिसू लागल्या. वय अठ्ठावीस. शेजारी भिंगरीचे टम्म गाल.

त्यातच शाळेने पालकांसाठी एका तासाचं चित्रीकरण केलं. पडद्यावर "आ" म्हणणारी बाई बघून बाईंना क्षणभर वाटलं, ही आपली आई आहे. ते चित्रीकरण घरी आत्याने पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, की आवाज छान आहे गं तुझा, तोंड मात्र वहिनीचं घेतलंस. वहिनी, म्हणजे बाईंची आई, शेजारीच बसली होती. ती उठली आणि रिकामे कप आत घेऊन गेली.

त्या दिवसापासून बाईंना एक खोड लागली. न्हाणीघरात, लिफ्टमध्ये, बंद दुकानाच्या काचेत, जिथे प्रतिबिंब दिसेल तिथे त्या दोन अंगठ्यांनी गाल कानांकडे ओढून बघायच्या आणि सोडून द्यायच्या. फोनला हे कसं कळलं कोण जाणे, पण तोही त्याच गोष्टी दाखवू लागला. कातडीखालून धागे घालून चेहरा वर ओढायचा. मशीनच्या लहरींनी आतला थर तापवून कातडी आवळायची. फिलर नावाचं जेल टोचून गाल उचलायचे. प्रत्येक जाहिरातीत जेमतेम पंचविशीची मुलगी होती आणि आधीच्या फोटोत ती कुणाच्या तरी मयतीला निघाल्यासारखी दिसायची.

क्लिनिक बाईंनी मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाचं निवडलं. शाळेतला एकही पालक तिकडे फिरकणार नाही, अशी खात्री करून. तिथल्या डॉक्टर मध्यमवयीन होत्या आणि त्यांनी विकण्याची घाई केली नाही. बाईंचा चेहरा बोटांनी चाचपून त्यांनी सांगितलं, की कातडी सैल झालेलीच नाही, आजारात गालांची चरबी गेली आहे. वजन परत येऊ द्या, झोप घ्या, उन्हात जाताना क्रीम लावा, सहा महिन्यांनी या. या वयात धाग्यांची गरज नाही. कातडीला खळगे पडतात, काही दिवस घास चावताना दुखतं. मशीनने तुमच्यात दिसण्याजोगा फरक पडणार नाही. फिलर जास्त झालं तर चेहरा सुजल्यासारखा वाटतो.

पण बाई एवढं धाडस करून 'झोप घ्या' हे ऐकायला आल्या नव्हत्या. काहीतरी लहानसं तरी करा, असं त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं. तेव्हा डॉक्टरांनी एका इंजेक्शनचं सांगितलं. तोंडाचा कोपरा खाली ओढणारा स्नायू त्याने सुस्तावतो आणि कोपरा जरासा वर येतो; काही महिन्यांत असर आपोआप जातो. सुई भरण्याआधी त्यांनी विचारलं.

"काम काय करता? शिकवण्याचं, गाण्याचं, फार बोलण्याचं असेल तर मी हे देत नाही. शेजारचा स्नायू ढिला पडला तर बोलताना ओठ वाकडा होतो."

आपलं काम सांगितलं की समोरचा माणूस काय म्हणतो, हे बाईंना पाठ होतं. किती पुण्याचं काम करता हो. काही जण तर हात जोडायचे. त्या मागे झुकलेल्या खुर्चीत, केस प्लास्टिकच्या टोपीत कोंबलेले असताना ते वाक्य ऐकून घेणं बाईंना शक्य नव्हतं.

"ऑफिसात असते," त्या म्हणाल्या. "दिवसभर कॉम्प्युटर."

आठवड्याभरात कोपरे वर आले. गप्प बसल्या की चेहरा खरंच बरा दिसायचा, फोटोत तर छानच. आत्या म्हणाली, आता कशी टवटवीत दिसतेस. पण बोलायला तोंड उघडलं की खालचा ओठ उजवीकडून उतरायचा आणि डावीकडून अडायचा, फुगलेल्या लाकडाच्या खिडकीसारखा. शाळेत त्यांनी अक्कलदाढ काढल्याचं सांगितलं. क्लिनिकमध्ये फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, यावर उतारा नाही, थांबावं लागेल, कधीकधी तीन महिनेसुद्धा. ऑफिसात काही अडचण येते का, असंही त्यांनी विचारलं. बाई नाही म्हणाल्या.

इतर मुलांना मशीनमधून थोडंफार ऐकू यायचं, ती निभावून नेत होती. भिंगरीकडे निभावून न्यायला काही नव्हतं. जे दिसेल तेच तिच्यासाठी बोलणं. एका सकाळी तिचा डावा ओठ पहिल्यांदा अडला, तेव्हा बाईंनी तो योगायोग मानला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक शब्दाला अडला. मग बाईंनी बोलताना स्वतःचा ओठ बोटाने हळूच खाली धरायची युक्ती केली. लगेच भिंगरीही प्रत्येक शब्दाला ओठावर बोट ठेवू लागली. बाईंनी ती युक्ती सोडली. भिंगरीने बोट सोडलं, वाकडेपणा ठेवला.

तास मुख्याध्यापिकांकडे सोपवता आला असता. पण त्यांनी कारण विचारलं असतं. बाई रोज सकाळी ठरवून यायच्या, की आज सांगायचं, आणि रोज पुढचं चित्र उचलायच्या.

आज तास संपला आणि दारात मुख्याध्यापिका उभ्या दिसल्या. मागे भिंगरीचे बाबा होते. ते घरसामान हलवणारा टेम्पो चालवायचे. एरवी मुलीला फाटकात सोडून, एखादी कोपरखळी मारून निघून जाणारा माणूस आज आत आला आणि खुर्ची समोर असूनही बसला नाही. भिंगरी त्यांच्या हाताखालून निसटून अंगणात पळाली.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. घरी जेवताना ती एकेका वस्तूचं नाव म्हणून दाखवते, त्यात तोंड वाकडं होताना दिसलं. काल एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले नसेचं असू शकतं, मेंदूपर्यंत बघावं लागेल. उद्या सकाळी बालरुग्णालयात मेंदूचं स्कॅनिंग आहे. ती निजून राहणार नाही, म्हणून पूर्ण भूल देणार. भूल देतानाचे धोकेही डॉक्टरांनी समजावले होते, ते काही त्यांनी सांगितले नाहीत. नुसता हात हलवला.

"बाई, तिचं तोंड तुमच्याइतकं जवळून कोणी बघत नाही," ते म्हणाले. "उद्या डॉक्टर विचारतील, कधीपासून. तुम्हाला आधी दिसलं असणार ना?"

पंधरा-वीस दिवस, एवढं म्हणून बाईंना सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. खिडकीतून अंगण दिसत होतं. भिंगरी कुणाची तरी पाठशिवणी करत होती आणि हसत होती, तोंड भरून, दोन्ही बाजूंनी सारखं. बाबांची खिडकीकडे पाठ होती.

"तिला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "मला झालंय."

कोणालाच काही कळलं नाही. तेव्हा बाईंनी त्या दोघांना आपल्या तोंडाकडे बघायला सांगितलं आणि "पाणी" म्हटलं. मग पुन्हा एकदा, सावकाश, पोरांना दाखवतात तसं. पंधरा-वीस दिवस त्या मोठ्या माणसांशी मान खाली घालून, तोंडावर रुमाल धरून बोलत आल्या होत्या.

"तू तर दाढ म्हणाली होतीस," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"दाढ नव्हती. इंजेक्शन घेतलं होतं."

"कशाचं?"

आजाराचं नाव सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. अपघात, लकवा, काहीही चाललं असतं. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "गाल उतरलेत असं वाटत होतं. चेहऱ्यासाठी."

भिंगरीच्या बाबांनी त्यांच्या गालांकडे पाहिलं. कपाट जिन्यातून जाईल की नाही हे जोखावं तसं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. त्यात टोमणा नव्हता, ते खरोखरच शोधत होते.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

पुढे लोकांनी बाईंना बरंच काही ऐकवलं असेल, पण या एका शब्दाइतकं काही लागलं नसेल. बाबांनी ते तिथेच सोडून दिलं, कारण तोवर त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट जुळत आली होती.

"म्हणजे पोरगी तुमच्यासारखं बोलतेय."

"मी दाखवलं तेच शिकली. तिचं काही चुकलेलं नाही. हसताना, जेवताना बघा, सरळ असतं."

"आणि तुम्हाला हे दिसत होतं."

"हो."

"रोज?"

"रोज."

ते खिडकीकडे वळले आणि अंगणात बघू लागले. बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता. "काल रात्री मी तिच्यावर ओरडलो. नीट बोल म्हणून. हाताने ओठ धरून सरळ केला. तिला ऐकू येत नाही म्हणून काय झालं, ओरडणारं तोंड तर दिसतं ना." मग म्हणाले, "आणि तिचं बरोबरच होतं."

बाई माफी मागू लागल्या. त्यांनी हात वर करून थांबवलं. माफीचं नंतर बघू, असं म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला, रुग्णालयाचा नंबर काढला, आणि न लावताच फोन परत ठेवला.

"तुम्ही म्हणताय म्हणून मी उद्याचं रद्द करू? पंधरा दिवस तुमच्यावर विश्वास ठेवूनच तर पोरगी सोडत होतो." त्यांनी पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही उद्या या. डॉक्टरांना तुमच्या तोंडाने सांगा, काय घेतलं, कुठे घेतलं. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, बाप घाबरलाय, काहीतरी बडबडतोय."

बाई हो म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी रागवायचं टाळलं. ते त्यांनी विचार करून केलं असावं. ओठ सरळ होईपर्यंत आरशाचे तास आपण घेऊ, तू लेखन आणि चित्रकला बघ, असं त्यांनी सांगितलं. सोबतच्या शिक्षकांना काय सांगायचं, असं बाईंनी विचारलं. "जे आहे ते," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आणि तू सांगायचंस, मी नाही." मधल्या सुट्टीत बाईंनी सांगितलं. एक जण सहानुभूतीने म्हणाली, की आम्हालाही वाटतंच की गं कधीकधी. तिच्याकडे बघून बाईंना आणखीच खजील वाटलं, कारण ती त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी होती आणि तिने असं काही केलं नव्हतं.

दुपारी त्यांनी क्लिनिकला फोन लावला. रुग्णालयात दाखवायला औषधाचं नाव, मात्रा आणि टोचल्याची जागा लिहून हवी होती. कशासाठी, असं डॉक्टरांनी विचारल्यावर बाईंनी आपलं खरं काम सांगितलं. पुण्याचं काम वगैरे डॉक्टर काही म्हणाल्या नाहीत. लिहून पाठवते, म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

भिंगरीच्या बाबांना उद्या सकाळी सव्वानऊला, स्कॅनिंगच्या आधी, बालरुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळालेली आहे. स्कॅनिंग करायचं की नाही, हे ते बाईंचं ऐकून आणि मुलीला तपासून मगच ठरवणार आहेत. तोपर्यंत भूल देण्याची तयारी कायम ठेवायची आहे, म्हणून भिंगरीला उद्या उठल्यापासून काही खायला द्यायचं नाही.