लावा की तित्तर

आमच्या सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, गवत दिवाळीनंतर कापतात, तेही दोन्ही टोकांकडून. कापत कापत मध्ये भेटायचं. त्या दिवशी या टोकाला दादा आणि मी, पलीकडे, चिऱ्यांच्या गडग्याच्या भिंतीपाशी, वहिनी. कापत होती ती खरी दोघंच. मी गळ्यात नवी दुर्बीण अडकवून पक्ष्यांवर बोलत होतो आणि अधूनमधून विळ्याने गवताला गुदगुल्या करत होतो.

सकाळपासून दोनदा आमच्या पायाखालून काहीतरी फुर्रकन उडालं होतं. दोन्ही वेळा मी ‘तित्तर’ म्हणून जाहीर केलं. दुर्बीण डोळ्यांपर्यंत जायच्या आत पक्षी गवतात उतरलेला असे, त्यामुळे मला खोटं पाडायला कोणी नव्हतं.

तिसऱ्यांदा मधल्या न कापलेल्या पट्ट्यातून चार-पाच पक्षी उठले. आमच्यापासून चांगली पन्नास पावलं लांब.

"तित्तर," मी म्हणालो.

दादाचा विळा थांबला. "नीट सांग. तित्तर की लावा?"

"का रे?"

"तित्तर लांबूनच पळतो, आपणहून उडतो. लावा पाय पडेस्तोवर हलत नाही. लावे असले, तर तिथे कोणाचातरी पाय पडलाय."

आमचा नव्हता. वहिनी पट्ट्याच्या पलीकडे वाकलेली, गवताआड दिसतही नव्हती. आठवड्यापूर्वी याच सड्यावर रानडुकराने वाडीतल्या एकाची मांडी फाडली होती.

पुन्हा तित्तर म्हटलं असतं, तर दादा कापायला वाकला असता. मी डोळे मिटले. तित्तराची शेपटी उडताना पसरते, तांबूस दिसते. हे मुठीएवढे होते, शेपटी होती की नाही तेही कळलं नव्हतं. गवताला घासून सरळ गेले आणि दगड पडावा तसे पडले.

"लावे," मी म्हणालो. "सकाळचेही लावेच असतील. मी काही बघितलं नव्हतं."

माझं पुढचं ऐकायला दादा थांबला नाही. "गो, गडग्यावर चढ," त्याने वहिनीला हाक दिली. "आधी चढ, मग विचार."

वहिनीचं डोकं गवताबाहेर आलं, मग ती चिऱ्यांच्या गडग्यावर उभी दिसली. दादा पाण्याच्या कळशीवर विळा बडवत होता. माझा विळा भीतीने कधीच गळून पडला होता, म्हणून मी जेवणाच्या डब्यावर दुर्बीण बडवली.

पट्ट्यातलं गवत सरळ रेषेत फाटत वहिनीच्या बाजूला गेलं. काळी पाठ दिसली. तिने बांधून ठेवलेला भारा उडाला, आणि डुक्कर गडग्याच्या खिंडारातून उताराला लागलं.

आम्ही पोचलो तरी वहिनी खाली उतरेना. विळा मुठीत घट्ट होता.

"भावोजी, सकाळपासून तित्तर तित्तर चाललं होतं ना तुमचं?"

"लावे होते."

"बरं झालं, नीट बघितलंत."

दादा माझ्याकडे न बघता तिला हात द्यायला पुढे झाला. दुर्बिणीची एक काच तडकली होती. मी त्या फुटलेल्या भाऱ्यावरच बसलो.