गर्दीला संवाद नसतात

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी मराठी नाटक होतं. नवऱ्याला सोडून मी बडोद्याला आईकडे राहायला आले, त्या वर्षी मला त्यात मोठी भूमिका मिळाली. नाटकात एका गावातली मुलं आजारी पडतात आणि गाव एका बाईला चेटकीण ठरवतं. ती बाई मी. लोकांत पुन्हा मिसळायची हीच संधी, असं मला वाटलं. वेडीच मी.

तालमीत गर्दी काही केल्या जमेना. नंदेसरीच्या कारखान्यांत आणि रावपुऱ्याच्या ऑफिसांत दिवसभर राबून आलेली सभ्य माणसं ती. शेजारचे काका तर मला "अहो, चालत्या व्हा" म्हणायचे. दिग्दर्शक वैतागले. "गर्दीला संवाद नसतात! तोंडाला येईल ते ओरडा, गुजरातीत ओरडा, पण ओरडा!" माकडाच्या हाती कोलीत दिलं त्यांनी.

प्रयोगात सगळे मला घेरून उभे राहिले. "चेटकीण, चेटकीण" करून झालं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "नवरा टाकून आलीये!" नाटकातल्या बाईला नवराच नव्हता. प्रेक्षक हसले. हशा मिळाला म्हटल्यावर बाकीच्यांना चेव आला. "माहेरी फुकट खाते!" "हिला संध्याकाळी सोडायला कोण येतं, ते विचारा!" काकाही ओरडत होते, मानेच्या शिरा ताणून. मी वाक्यं विसरले. विंगेतून प्रॉम्प्टर सांगत होता, पण मला काही ऐकू येत नव्हतं. मी खरीखुरी रडले आणि मांडव टाळ्यांनी दणाणला.

नंतर पुरीभाजी खाताना सगळे खुशीत होते. "मजा आवी गई! काय रडलात हो तुम्ही!" ते पहिलं वाक्य कोणाचं, मी विचारलं. कोणाचंच नव्हतं. काका म्हणाले, "अहो, गर्दीत कोण काय बोललं, कसं कळणार? नाटक होतं ते." आणि त्यांनी माझ्या डिशमध्ये आणखी एक पुरी वाढली. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. ती पुरी तशीच टाकून मी उठले.

आई दुसऱ्या रांगेत बसली होती. रडताना मी तिच्याकडेच बघत होते. घरी आल्यावर मी तिला विचारलं, "आई, तू कशाला टाळ्या वाजवत होतीस?"

ती साडीची घडी घालत होती. "अगं," ती म्हणाली, "सगळेच वाजवत होते."